वेलिंग्टन 1910: उभ्या गाडीवर आलेली बर्फाची दरड

1 मार्च 1910, रात्रीचा एक वाजून गेलेला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड डोंगररांगेत, वेलिंग्टन नावाचं एक लहानसं रेल्वे स्टेशन. तिथे एक पॅसेंजर गाडी आणि एक टपालगाडी बर्फामुळे कित्येक दिवस अडकून उभ्या, आत माणसं झोपलेली, आणि वरच्या उतारावरचा बर्फाचा आख्खा थर सुटला तो दोन्ही गाड्या, इंजिनं, स्टेशनची इमारत सगळं उचलून दीडशे फूट खाली टाय नदीच्या दरीत घेऊन गेला. 96 माणसं गेली, 23 वाचली. अमेरिकेत एका हिमस्खलनात इतके बळी त्याआधी किंवा नंतर कधी गेलेले नाहीत.

आमचा दादरचा ट्रेक ग्रुप हिवाळ्यात बर्फात जायच्या आधी एक जुनी दुर्घटना पूर्ण वाचून काढतो, नकाशा, हवामान, कोणी कधी काय ठरवलं असं सगळं. यंदा मी हीच घेऊया म्हणून आग्रह धरला, कारण यात कोणी साहस करायला गेलेलं नव्हतं, शिखर नाही, स्की नाही, दोरखंड नाही. तिकीट काढून बसलेले लोक होते आणि आपली रोजची नोकरी करणारे रेल्वेवाले. आपल्याकडे ॲव्हलांच म्हटलं की डोळ्यांसमोर एव्हरेस्ट नाहीतर सियाचीन येतं, वीस हजार फूट वगैरे. वेलिंग्टनची उंची समुद्रसपाटीपासून साधारण 3,100 फूट. कळसूबाई 5,400 फूट आहे. म्हणजे ही जागा माथेरानपेक्षा जेमतेम चार-पाचशे फूट वर.

एवढ्या कमी उंचीवर एवढा बर्फ कसा, हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. सह्याद्री अरबी समुद्राचे ढग अडवतो आणि आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वरला धो धो पाऊस पाडतो, तेच काम कॅस्केड रांग पॅसिफिकच्या ढगांचं करते, फक्त तिथे ते हिवाळ्यात होतं आणि थंडी असल्यामुळे बर्फ पडतो. किती? याच रांगेतल्या माउंट बेकरच्या स्की एरियात 1998-99 च्या मोसमात 1,140 इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे 95 फूट, एका मोसमात इतका बर्फ पडल्याचा तो जागतिक विक्रम आहे. पण महत्त्वाचं म्हणजे हा बर्फ लडाख-स्पितीसारखा कोरडा नसतो. समुद्र जवळ, त्यामुळे तापमान शून्याच्या आसपासच घुटमळत असतं, बर्फ दमट आणि जड पडतो, थर खोल असतात आणि भर हिवाळ्यात मध्येच पाऊस सुद्धा पडून जातो.

याचा फायदा पण आहे आणि तोटा पण. लडाखसारख्या कोरड्या, कडाक्याच्या थंड भागात बर्फाचा थर पातळ असतो, जमिनीलगत साखरेच्या दाण्यांसारखे सुटे कण तयार होतात आणि तो कच्चा थर आठवडेच्या आठवडे, कधी सगळा हिवाळा तसाच राहतो, वर कोणी पाऊल टाकायची वाट बघत. किनाऱ्याजवळच्या डोंगरात बर्फ लवकर दबतो, लवकर घट्ट होतो, वादळ सरलं की बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत परिस्थिती सुधारते. पण वादळ चालू असताना आणि त्याच्या लगेच नंतर तिथे उताराखाली असणं म्हणजे मृत्यूच्या दारात बसणं. आणि तापमान आधीच शून्याला टेकलेलं असल्यामुळे नुसती थोडी ऊब आली, बर्फाच्या जागी पाऊस सुरू झाला, की आख्ख्या थराचं वागणं काही तासांत बदलतं. वेलिंग्टनला नेमकं हेच झालं.

आता घटनाक्रम. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची ही लाइन. स्टीव्हन्स पास या खिंडीच्या खालून 2.6 मैलांचा बोगदा 1900 मध्ये सुरू झालेला आणि वेलिंग्टन त्या बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आलं. स्पोकेनहून सिअॅटलकडे निघालेल्या या दोन गाड्या आधी लेव्हनवर्थला रखडल्या, 23 तारखेला पुढे निघाल्या, मग बोगद्याच्या पूर्व तोंडाशी थांबल्या, आणि मग बोगदा पार करून वेलिंग्टनला येऊन उभ्या राहिल्या कारण पुढचा रूळ बर्फाखाली गाडला गेलेला. काही वेळा तासाला एक फूट बर्फ पडत होता.

इथे एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. बोगद्याच्या पूर्वेकडे जिथे गाड्या आधी थांबल्या होत्या, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात प्रवाशांनी जेवण केलं होतं. गाड्या तिथून हलल्यावर थोड्याच वेळात ते भोजनगृह बर्फाच्या दरडीखाली गेलं, आतले दोन जण मेले. म्हणजे धोक्याची सूचना स्पष्ट मिळाली होती. बर्फाच्या अभ्यासात आज पहिला नियम हाच शिकवतात की जवळपासच्या उतारांवर ताजी ॲव्हलांच दिसली तर यापेक्षा मोठा पुरावा शोधत बसू नका. पण त्या बातमीचा अर्थ वेलिंग्टनला काय लावला गेला असेल, तर 'बरं झालं आपण तिथून निघालो'. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो आणि स्वतःच्या डोक्यावरच्या उताराकडे बघायचं राहून जातं.

रूळ साफ करायला रोटरी होत्या, म्हणजे पुढे मोठं पात्यांचं चाक असलेलं यंत्र, मागून इंजिन ढकलतं आणि ते बर्फ कापून बाजूला फेकतं. नुसता पडलेला बर्फ ती आरामात कापते. पण दरड आली की बर्फासोबत आख्खी झाडं आणि दगड येतात, त्यात पाती मोडतात, मग माणसांनी फावडी आणि करवती घेऊन ते लाकूड हातानं काढायचं आणि मग रोटरी पुढे. एक दरड साफ होईपर्यंत मागे दुसरी. अशाने रोटऱ्या दोन दरडींच्या मध्येच अडकल्या, वर कोळसा संपत आला. बर्फ उपसणाऱ्या मजुरांना तासाला 15 सेंट मिळत होते, त्यांनी वाढवून मागितले, मिळाले नाहीत, बरेच जण काम सोडून गेले. तारा तुटल्या, बाहेर निरोप जाईना. विभागाचे सुपरिंटेंडंट जेम्स ओनील स्वतः दिवसरात्र रुळावर होते, ऑफिसात बसून हुकूम सोडणारा माणूस नव्हता तो, हे मुद्दाम सांगतोय कारण नंतर सगळा दोष एका माणसावर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो.

प्रवासी रोज वर बघत होते आणि घाबरत होते. गाड्या डोंगराच्या कुशीत कोरलेल्या अरुंद पट्टीवर उभ्या, एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला दरी. त्यांची मागणी साधी होती, गाडी मागे बोगद्यात घ्या. यावर आमच्या ग्रुपमध्ये जो वाद झाला तो सांगतो, कारण या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे.

आमच्यातल्या एका काकांनी उभी नोकरी कसारा घाटात बँकर इंजिनांवर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनांवर, काढलीय. ते म्हणाले, "बोगद्यात गाडी उभी करणं म्हणजे काय खाऊ आहे का? डबे गरम ठेवायचे तर इंजिन पेटतं पाहिजे, आणि वाफेचं इंजिन बोगद्यात पेटतं ठेवलंस तर सकाळपर्यंत आतले सगळे गुदमरून मरतील." त्यांचं खरं आहे. धुराचा त्रास इतका होता की त्या बोगद्यात गाड्या ओढायला 1909 मध्ये विजेची इंजिनं आणली होती. रेल्वेची कारणं हीच होती, धूर, थंडी, ओल, आणि बोगद्याची तोंडं बंद झाली तर काय.

एका मुलीने विचारलं, "पण काका, तुम्ही सुपरिंटेंडंट असता तर तुम्हीपण तिथेच उभी ठेवली असती का?" काका जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पहिल्या दिवशी ठेवली असती, चौथ्या दिवशी नसती ठेवली.

मला वाटतं संपूर्ण प्रकरण या वाक्यात आहे. पहिल्या दिवशी वेलिंग्टन ही खरंच त्यातल्या त्यात बरी जागा होती. स्टेशन होतं, हॉटेल होतं, खायला होतं, आणि त्या ठिकाणी याआधी कधी दरड आली नव्हती असं रेल्वेवाले सांगत होते. पण वर रोज बर्फ साठत होता, आणि खाली रोज एकेक पर्याय कमी होत होता. कोळसा होता तेव्हा गाडी मागे नेता आली असती, मग कोळसा जपून वापरायची वेळ आली, मग गाड्यांभोवतीच बर्फ एवढा साठला की हलवायच्या तर आधी माणसं लावून उपसायला हवं, आणि माणसं निघून गेलेली. म्हणजे 'तूर्त आहे तिथेच थांबू' हा निर्णय रोज नव्याने घेतला जात होता, पण प्रत्येक दिवशी तो आधीपेक्षा जास्त धोक्याचा होता आणि बदलायला जास्त अवघड होता. कोणालाच आपण निर्णय घेतोय असं वाटलं नसणार. थांबलोय, एवढंच.

27 आणि 28 फेब्रुवारीला काही प्रवासी आणि कर्मचारी पायी निघाले, दरडींच्या राड्यावरून, शेवटचा उतार अक्षरशः घसरत, खालच्या सीनिक स्टेशनला पोहोचले आणि वाचले. ओनीलही मदत आणायला असेच बाहेर पडले. हे लोक शहाणे आणि राहिलेले मूर्ख असं मात्र म्हणू नये, चालणारे त्याच उतारांच्या खालून चालत होते, वाटेत कुठेही गाडले गेले असते, आणि गाडीत लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं होती त्यांना तो रस्ता नव्हताच.

28 च्या रात्री हवा बदलली. बर्फ थांबला, ऊबदार वारा सुटला आणि पाऊस सुरू झाला. आपल्या मनाला वाटेल की चला, बर्फ थांबला, आता उद्या रूळ मोकळा होईल. पण किनाऱ्याजवळच्या डोंगरात सगळ्यात वाईट क्षण हाच. का, ते जरा सविस्तर सांगतो.

1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, म्हणजे 1 किलो वजन. मुंबईत जुलैमध्ये एका दुपारी 100 मिमी पडतो, तो रुळांवरून, नाल्यांतून वाहून तरी जातो. उतारावरच्या बर्फात पडलेलं पाणी आधी बर्फातच मुरतं. वजन वाढतं पण ताकद वाढत नाही, उलट बर्फाचे कण एकमेकांना जिथे चिकटलेले असतात ते सांधे पाण्याने सुटायला लागतात. पाणी खाली झिरपत एखाद्या जुन्या कडक पापुद्र्याला जाऊन अडतं आणि तिथेच पसरतं, तो थर निसरडा होतो. शिवाय वादळ थंडीत सुरू होऊन उबेत संपलं की खाली हलका बर्फ आणि वर जड, असं उलटं बसलेलं असतं. तिरक्या पत्र्यावर टाकलेली गोधडी पावसात भिजावी तसं ते, कोरडी होती तोवर टिकली, भिजली की स्वतःच्याच भाराने घसरणार. आणि ॲव्हलांच सुटायला कडा लागतो असंही नाही, 30 ते 45 अंशांचा उतार सगळ्यात घातक, कारण त्याहून उभ्यावर बर्फ फार साठतच नाही, मध्येच गळून जातो.

त्या रात्री विजाही कडाडत होत्या आणि म्हणून गडगडाटाने बर्फ कोसळला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. हे मनातून काढून टाका. आवाजाच्या लहरींचा दाब इतका कमी असतो की त्याने ॲव्हलांच सुटत नाही, ओरडल्याने सुटते हा सिनेमातला प्रकार आहे. ट्रेकवर 'हळू बोला, बर्फ कोसळेल' म्हणणारे लीडर मी बघितलेत, आणि तेच लीडर पंधरा जणांना एकाच वेळी एका उतारावर चढवतात. वजन मोजा, आवाज नको.

दुसरं कारण जमिनीवरचं. वेलिंग्टनच्या वरच्या उतारावर पूर्वी दाट जंगल होतं. वणव्यांनी ते जळून गेलं होतं, वाफेच्या इंजिनांच्या ठिणग्यांनी असे वणवे लागत, त्यात लाकडासाठी झालेली तोड. दाट झाडीत खोडं बर्फाला जागोजागी धरून ठेवतात, फांद्यांवरचा बर्फ थोडा थोडा खाली पडत राहतो, त्यामुळे एकसलग थर तयार होत नाही. झाडं गेली की तोच उतार एका रात्रीत सुटू शकतो. म्हणून 'इथे आजवर कधी आलं नाही' हे खरं असूनही निरुपयोगी होतं, कारण तो अनुभव जंगल असतानाचा होता. त्या रात्री सुटलेला थर साधारण दहा फूट जाड, अर्धा मैल लांब आणि पाव मैल रुंद होता असं सांगितलं जातं. गावातलं हॉटेल त्याच्या वाटेत आलं नाही, ते जसंच्या तसं राहिलं.

वाचलेल्यांनी आणि हॉटेलातल्या लोकांनी अंधारात, पावसात, हातांनी आणि फावड्यांनी माणसं उकरली. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगायची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते, श्वासाची वाफ तोंडाभोवतीच गोठते आणि हवा मिळेनाशी होते. आज बीकन (गाडलेल्याची जागा कळवणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं म्हणतात ते यासाठीच. मदतपथक तासांनी पोहोचतं, शेजारचा माणूस मिनिटांत. शेवटचे मृतदेह मिळायला जुलै उजाडला.

पुढे खटले झाले, एका मृत प्रवाशाच्या घरच्यांना खालच्या कोर्टात न्याय मिळाला, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, दैवी आपत्ती म्हणून रेल्वे सुटली. मला हे पटत नाही. पाऊस दैवी होता हे कबूल, पण कोळशाचा साठा, मजुरांचा पगार आणि जळलेला डोंगर यात दैव कुठे आलं? रेल्वेने स्वतः मात्र जे केलं ते बोलकं आहे. वेलिंग्टनचं नाव त्याच वर्षी बदलून टाय केलं, रुळावर काँक्रीटची छपरं बांधली, आणि 1929 मध्ये बऱ्याच खालून 7.8 मैलांचा नवा बोगदा काढून हा सगळा भागच सोडून दिला. जुन्या रुळाच्या जागी आता आयर्न गोट ट्रेल नावाची पायवाट आहे. आणि धोका इतिहासजमा झालाय असंही नाही, त्याच स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीकच्या बाजूला 19 फेब्रुवारी 2012 ला ॲव्हलांचमध्ये तीन अनुभवी माणसं गेली. आदल्या दोन दिवसांत भरपूर ताजा बर्फ पडला होता आणि धोक्याचा इशाराही दिलेला होता.

आता मुंबईकरांनी हे का वाचावं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली ते सगळ्यांना आठवत असेल, हजारावर प्रवासी. तेव्हा रेल्वेने सांगितलं, गाडीतून उतरू नका, गाडीच सगळ्यात सुरक्षित आहे. आणि ते बरोबर होतं, उतरले असते तर वाहून गेले असते, बोटी आल्या आणि सगळे सुखरूप निघाले. वेलिंग्टनला हाच सल्ला जीवघेणा ठरला. फरक काय, तर बदलापूरला धोका खालून होता आणि वेलिंग्टनला वरून. वरून येणाऱ्या धोक्यात थांबून काही मिळत नाही, ओझं वाढतच असतं.

आणि ईर्शाळवाडी. 19 जुलै 2023 ची रात्र, तीच झोपेची वेळ, तोच दिवसेंदिवस मुरलेला पाऊस, वरून वाडीवर आलेली दरड, मृत आणि बेपत्ता मिळून 84 जण. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आपल्यापैकी कितीतरी जण ईर्शाळगडला जाताना त्या वाडीत पाणी प्यायलेत, मी त्यातलाच. बर्फ आणि माती वेगळी, पण 'यादीत नाही' आणि 'आजवर झालं नाही' ही दोन वाक्यं सारखीच आहेत, आणि ती ऐकली की मला आता राग येतो.

आमचा बेत यंदा पीर पंजालचा आहे, गुलमर्गच्या बाजूला. हिमालयाचा हा भाग लडाखच्या मानाने उबदार आणि दमट, पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, आला की दोन-तीन दिवसांत भरमसाट जड बर्फ टाकून जातो, म्हणजे स्वभाव बराचसा कॅस्केडच्या जवळचा. तिथे 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवट शिखराच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले, 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन. आणि नुसते पर्यटक म्हणून जाणाऱ्यांनी सिक्कीममधल्या नाथुला रस्त्यावरचं 4 एप्रिल 2023 लक्षात ठेवावं, सात जण गेले, कोणी चढाई करत नव्हतं, रस्त्यालगतच्या बर्फात उतरलेले लोक होते. उताराखाली गाडी थांबवून फोटो काढणं हा सगळ्यात कमी बोलला जाणारा धोका आहे असं माझं ठाम मत आहे.

आयोजकाशी बोलताना आम्ही हवामान कसं असेल हे विचारलं नाही. तंबू लागतात त्या जागेच्या वर काय आहे, उतार किती अंशांचा, झाडी किती, गेल्या काही वर्षांत तोड किंवा वणवा झालाय का, हे विचारलं. डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं ॲव्हलांच बुलेटिन रोज सकाळी कोण बघणार आणि त्यात धोका वरच्या पातळीचा दिसला तर माघारी फिरायचा अधिकार कोणाला, हेही. पहिलं उत्तर आलं, तिथे कधी काही झालेलं नाही सर. आम्ही नकाशावर उतार मोजला, कॅम्पच्या बरोबर वर उघडा चढ होता, म्हणून जागा झाडीतल्या सपाटीवर हलवून मागितली. थोडी कुरकुर झाली, मग मान्य झालं.

परतीची तिकिटं पण तीन दिवस पुढची काढलीत. वादळ आलं तर उताराखाली न जाता गुलमर्गच्या हॉटेलातच थांबायचं, बर्फ थांबून पाऊस सुरू झाला तर अजिबातच हलायचं नाही, आणि सोमवारी ऑफिस आहे म्हणून कोणी घाई करू नये, यासाठी ते तीन दिवस आहेत. दोघांना तेवढी रजा मिळत नव्हती, ते यंदा येत नाहीयेत.